टी-शर्ट दिला, तयारीचे काय?

गणेशोत्सव जवळ आला की मंडळांच्या बैठका देखावा, वर्गणी आणि ढोल-ताशा पथकाची वेळ यांवर रात्री उशिरापर्यंत रंगतात. कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाचा विषय निघालाच तर ‘आपली पोरं तयार आहेत’ एवढ्यावर मिटतो. छापील टी-शर्ट, गळ्यात शिट्टी, झाला स्वयंसेवक! आग विझवायच्या सिलिंडरची पिन कशी काढायची, जनरेटर बंद कुठून करायचा, हे त्याला विचारून पाहा.

जानेवारी 2005 मध्ये मांढरदेवीच्या यात्रेत नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर भाविक घसरले आणि चेंगराचेंगरीत सुमारे 300 जणांचा जीव गेला. गर्दीत पुढचे गुदमरत असतात तेव्हा मागच्यांना त्याचा पत्ताही नसतो. अशा वेळी मूर्तीजवळ उभा राहून ‘चला, चला’ ओरडणारा कार्यकर्ता काय कामाचा? रांगेच्या शेपटाशी थांबून आत येणारा लोंढा अडवणारा माणूस हवा. तो कोण, हे आधीच ठरलेले असावे. अध्यक्षांचा फोन लागेपर्यंत त्याने वाट पाहायची नाही.

परवानगी देतानाच पोलीस आणि अग्निशमन दलाने कार्यकर्त्यांची अर्ध्या दिवसाची तालीम सक्तीची करावी. सिलिंडर प्रत्यक्ष वापरून पाहावा, सीपीआर (हृदय बंद पडल्यास छाती दाबून द्यायचा प्रथमोपचार) शिकावा, 108 ची रुग्णवाहिका मांडवापर्यंत कोणत्या गल्लीने येईल ते चालून बघावे. विजेची जोडणी करणारा आणि रात्री मांडवात झोपणारी मुलेही त्यात हवीत. त्यांना बैठकीला कोणी बोलावतच नाही.

– एक वाचक, पुणे