मिल्या, बर्फघर अजून उभं आहे

पुणे, रविवार, रात्रीचे पावणेदोन

प्रिय मिल्या,

तुझ्या दिवाळीच्या मेलला आज उत्तर देतोय. कामं होती, पण तेवढ्यानं आठ महिने निघत नाहीत, हे तुलाही कळतं. आई बरी आहे, साखर थोडी वर. माझी पाठ आहे तशीच.

आता जे सांगायला बसलोय ते, आपल्या हॉस्टेलमधल्या माइनक्राफ्ट गेमबद्दल. मिल्या, त्या रात्री रिअ‍ॅक्टर तुझ्यामुळे उडाला नव्हता.

माळा आवरताना हॉस्टेलवाली हार्ड डिस्क सापडली, आपल्या गँगमधल्या डॉक्टरच्या स्टिकरसकट. त्यात आपलं टेकिटचं, म्हणजे यंत्रं आणि वीजवाल्या माइनक्राफ्टचं जग होतं, सगळंच्या सगळं. जुनी जावा बसवून ते सुरू करायला दोन रात्री गेल्या. उतरलो तो थेट खड्ड्याच्या काठावर. पक्याचं घर अर्धं कापलेलं, मधे पाणी साचलेलं. मी बराच वेळ तिथंच उभा राहिलो. मग तळ्याकडे चालत गेलो, तर तुझं बर्फघर जसंच्या तसं उभं! पंप, कॉम्प्रेसर, नळ्या, काही म्हणता काही हललेलं नाही. पेटी उघडली तर बर्फाने गच्च भरलेली.

तिथंच मला खटकलं. बर्फ शिल्लक होता, तर रिअ‍ॅक्टर तापला कशाने?

तेव्हा आपली सगळी भिस्त बर्फावर होती. एक ठोकळा 300 उष्णता खायचा आणि संपायचा. नळीतून पुढचा यायचा. पुरवठा तुटला की कवच 10,000 पर्यंत तापायचं आणि मग खड्डा. त्या रात्री मेसला जाताना मी पहिल्यांदाच लिव्हर वर, म्हणजे चालू ठेवला, कारण सकाळपर्यंत मला एमएफएसयू, आपली वीज साठवायची पेटी, भरलेला हवा होता. एक कोटी ईयू, गेममधली वीज! तू तेव्हा तळ्यावर नवा कॉम्प्रेसर लावत होतास. सर्वात शेवटी तू बाहेर पडलास, आणि परत आल्यावर मी सगळ्यांसमोर म्हणालो, "यानेच नळी तोडली." तू म्हणालास, "मी हात लावला नाही." दोनदा म्हणालास. मी ऐकलं नाही.

तळ्यापासून रिअ‍ॅक्टरपर्यंत मी ठोकळे मोजत आलो. 231. आता हे बघ. ते जग 16 बाय 16 च्या चंकांनी बनलेलं. जवळ कोणी खेळाडू नसला की चंक झोपतो, तिथली यंत्रं जागच्या जागी थांबतात. फक्त स्पॉनभोवतीचा, म्हणजे नवा खेळाडू जिथे उतरतो त्या जागेभोवतीचा पट्टा कायम जागा असतो, सर्व्हर चालू असेतोवर. आपला रिअ‍ॅक्टर स्पॉनला लागून, बर्फघर पट्ट्याबाहेर. तू जेवायला उठलास त्या क्षणी तळं झोपलं. रिअ‍ॅक्टर मात्र माझ्या लॅपटॉपवर जागाच होता, नळीत उरलेला बर्फ खात.

नुसत्या तर्कावर विसंबलो नाही. जगाची प्रत काढून तिच्यात रिअ‍ॅक्टर परत बांधला, दोन्हीकडच्या पेट्यांतला बर्फ मोजला, सर्व्हर चालू ठेवून बाहेर पडलो आणि वीस मिनिटांनी आत आलो. रिअ‍ॅक्टरकडची पेटी रिकामी. तळ्याकडच्या पेटीत आकडा तोच, एकानेही वाढलेला नाही.

आणि रिअ‍ॅक्टर स्पॉनला हवा हा हट्ट कुणाचा होता? माझा. येणाऱ्या प्रत्येकाला तो आधी दिसावा म्हणून. तू तळ्याशेजारची जागा सुचवली होतीस, कागदावर आखून दाखवली होतीस. तिथे बांधला असता तर दोन्ही एकत्र झोपले असते, एकत्र उठले असते. त्यानंतर तीन आठवडे आपण बोललो नाही. नंतर बोललो, पण तू पुन्हा त्या जगात आला नाहीस. मिल्या, मी चुकलो. मला हे तेव्हाच, सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं. पक्याला आणि डॉक्टरला मी वेगळं कळवतोय.

हैदराबादचं घर लागलं का? वहिनींची नवी नोकरी सुरू झाली असेल. छोटीचे दात आले का? पुढच्या वेळी नीट विचारेन, आता डोक्यात फक्त हेच आहे.

कारण त्यानंतर मी थांबलोच नाही, नवा रिअॅक्टर बांधायला घेतला. गेमच्या नव्या आवृत्तीत बर्फ गेला, उष्णता व्हेंट नावाचे भाग बाहेर काढतात. आठवतं, डॉक्टरने एकदा मेसमधल्या भांड्यातला खरा बर्फ आणून लॅपटॉपखाली ठेवला होता, "सर्व्हर थंड ठेवतो" म्हणून? त्याला हे कळलं तर वाईट वाटेल.

सहा चेंबर जोडले की आत 9 बाय 6, म्हणजे 54 कप्पे. युरेनियमच्या चार कांड्यांची जुडी एकटी ठेवली तर दर टिकला (सेकंदाच्या विसाव्या भागाला) 60 ईयू वीज आणि सेकंदाला 96 उष्णता. दोन जुड्या लांब लांब ठेवल्या तर 120 वीज, 192 उष्णता. त्याच शेजारी टेकवल्या तर वीज 160, पण उष्णता 320! युरेनियम तेवढंच, वीज तिसऱ्या हिश्श्याने जास्त, आणि उष्णता दीडपटीच्याही पुढे. हा हिशोब मी वहीवर केला, तुझ्यासारखा, पेन्सिलीने.

ओव्हरक्लॉक्ड व्हेंट कवचातून 36 ओढतो, पण स्वतः 20 च बाहेर टाकतो. उरलेले 16 त्याच्या चार बाजूंचे कंपोनंट व्हेंट काढतात, प्रत्येकी 4. म्हणून बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी करायची, काळ्या घरात एक, पांढऱ्यात दुसरा. मी केली. चार मिनिटं सगळं छान चाललं आणि वरच्या ओळीतला एक व्हेंट वितळला. नवा बसवला, पुन्हा चार मिनिटांनी गेला. दोन रात्री मी त्या एका व्हेंटपाशी अडकलो होतो.

मग दिसलं. काठावरच्या कप्प्याला शेजारी तीनच! 4 उष्णता दर सेकंदाला आत साठत होती, व्हेंटची क्षमता 1000, म्हणजे बरोबर 250 सेकंद. इतका आनंद झाला की शेजारची बाई उठली. ओव्हरक्लॉक्ड व्हेंट आता एकही काठावर नाही. आतल्या कप्प्यांत 14 बसतात, 14 गुणिले 36, म्हणजे 504.

डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात टेकवलेली जोडी, उरलेल्या तीन कोपऱ्यांपैकी दोनांत एकेक जुडी. ओव्हरक्लॉक्ड व्हेंटला चिकटून एकही जुडी नाही, नाहीतर ती उष्णता थेट त्याच्यातच ओतते. 280 ईयू वीज. उष्णता 512.

512! काढतोय 504. आठ जास्त. आठ म्हणजे किरकोळ वाटतं ना? 10,000 भागिले आठ, साडेबाराशे सेकंद. एकविसाव्या मिनिटाला खड्डा. मेसला जाऊन यायला आपल्याला तेवढाच वेळ लागायचा.

एक जुडी काढली तर 220 वर सुखाने चालेल. पण काठावर कप्पे रिकामे आहेत, आणि साधा रिअ‍ॅक्टर व्हेंट कवचातून 5 ओढून पाचही स्वतःच टाकतो, त्याला शेजारी लागत नाहीत. असे दोन लावले. 514. दोनाची सूट. युरेनियमच्या एका भरणीवर 20,000 सेकंद, साडेपाच तास.

पण मला भीती वाटते. आकडे बरोबर आहेत, दहा वेळा बेरीज केली. त्या रात्रीही मला माझं बरोबरच वाटत होतं. यावेळी रिअ‍ॅक्टर तळ्याकाठी बांधलाय, तू कागदावर आखलं होतंस तिथे, लिव्हरसकट सगळं एकाच चंकात. लिव्हर अजून खाली आहे. पहिल्यांदा तू ओढावास असं मला मनापासून वाटतं, आणि त्याआधी माझी मांडणी तपासावीस. 54 कप्प्यांचा फोटो सोबत जोडलाय. चूक दिसली तर सरळ सांग, मी ऐकेन.

शनिवारी रात्री दहानंतर, छोटी झोपली की. जमेल का?

तुझा,
संज्या

ता. क. जुन्या जगात, बर्फघराच्या मागच्या कुंपणात तुझ्या कोंबड्या अजून आहेत. मी अकरा मोजल्या. बाराच होत्या ना?