बाबा काय करायचे ते, आईसाठी

आई, बाबा,

परवा फोनवर आई म्हणाली की इतकी वर्षं यांचे काळेकुट्ट कपडे धुतले पण तिथे नेमकं काय चालायचं ते कधी कळलंच नाही. बाबा काय सांगणार, "लोखंड ओततो", संपलं. म्हणून मी सांगतो, मी पण त्याच कारखान्यात घासलोय.

आई, खाणीत कोळशाचे टब रुळांवरून ओढतात ना, त्यांची चाकं आपल्याकडे व्हायची. चाक बाहेरून कडक पाहिजे नाहीतर झिजतं, पण आतपर्यंत कडक झालं तर दणक्याने तडकतं. मग बाबा वाळूच्या साच्यात कडेने लोखंडी रिंग बसवायचे, चिल म्हणतात तिला. १,२०० डिग्रीच्या वरचा रस तिला टेकला की कड झटकन थंड होऊन पांढरी आणि टणक होते, मधला भाग वाळूत सावकाश निवतो म्हणून राखाडी, चिवट राहतो. एकाच ओतण्यात दोन जातींचं लोखंड! आणि वाळूत पाणी जरा जास्त झालं की वाफ अडकून कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या मालाला, भोकं पडतात, म्हणून बाबा मूठभर वाळू दाबून मोडून बघायचे, लॅबवाला टेस्टर घेऊन येईपर्यंत यांचं उत्तर तयार.

मी फिटिंगला होतो, फ्लेमप्रूफ बॉक्सवर, म्हणजे खाणीतली विजेची स्विचं ज्यात बसवतात ती जाड लोखंडी पेटी. तुला वाटेल यात गॅस शिरतच नाही. शिरतो गं. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असला की ठिणगीने भडका उडतो, तो बॉक्सच्या आत उडाला तरी चालेल, फक्त बॉक्स फुटता कामा नये आणि झाकणाच्या फटीतून बाहेर येता येता ज्वाला विझायला हवी. फट म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यामुळे मशीनिंगनंतर फ्लँजवर, म्हणजे झाकण जिथे टेकतं त्या कडेवर, बारीक जरी भोक दिसलं तरी मी कास्टिंग रिजेक्ट करायचो आणि मोल्डिंगवाले, म्हणजे साचे करणारे, भडकायचे, त्यात बाबा पण. कधीकधी जेवताना आम्ही दोघं गप्प असायचो आणि तू विचारायचीस काय झालं, ते हेच.

बाबा, तुम्हाला एक विचारायचंय. हॉलेज ड्रमच्या (आई, टब ओढायचा दोर गुंडाळतो तो) मोठ्या कोअरमधून (आत पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवतात तो वाळूचा गाभा) हवा निघावी म्हणून आत काय भरायचात, कोकचा चुरा की गवताचा दोर? इथल्या एका पोराला सांगायचंय. लिहून पाठवा, व्हॉइस मेसेज नको, तुम्ही मधेच टीव्हीकडे बघत बसता.

तुमचा,
बाळू