केमोच्या बाटलीतलं प्लॅटिनम आणि फ्रिजमधलं ताक

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला केमोथेरपीवरचा लेख वाचला. बाकी ठीक होता पण सगळ्या औषधांना सरसकट 'जहाल विष' म्हणून मोकळं व्हायचं आणि ते नेमकं काय आहे ते सांगायचंच नाही हे पटलं नाही, म्हणून लिहितोय.

मी तीस वर्षं बारावीला केमिस्ट्री शिकवली. को-ऑर्डिनेशन कंपाउंड्सचा (मधे धातू आणि त्याला धरून बसलेले इतर अणू-रेणू) धडा आला की फळ्यावर सिस (सारखे दोन एकाच बाजूला) आणि ट्रान्स (समोरासमोर) काढायचो, प्लॅटिनमचं सिसप्लॅटिन कॅन्सरवर वापरतात असं एक वाक्य टाकायचो आणि पुढं जायचो. गेल्या वर्षी आमच्या थोरल्या भावाला, अण्णांना, आतड्याचा कॅन्सर निघाला तेव्हा तोच धडा दारात येऊन उभा राहिला.

पहिल्या केमोला मी सोबत होतो. नर्सनं ऑक्झॅलिप्लॅटिन, म्हणजे सिसप्लॅटिनचंच प्लॅटिनमवालं भावंड, ग्लुकोजच्या बाटलीत मिसळलं, अण्णांना थोडी शुगर आहे म्हणून मी विचारलं सलाइनमधून का नाही देत, तर म्हणाली काका ह्याला सलाइन चालत नाही. घरी येऊन वाचत बसलो तेव्हा ट्यूब पेटली! सलाइन म्हणजे मिठाचं पाणी, त्यातले क्लोराइड प्लॅटिनमला धरून बसलेल्या ऑक्झॅलेटला हुसकावून त्याची जागा घेतात, औषध औषध राहत नाही. सिसप्लॅटिनचं बरोब्बर उलटं, त्याला सलाइनच लागतं, कारण त्याच्या प्लॅटिनमवर दोन क्लोराइड आधीच बसलेले असतात आणि आजूबाजूला क्लोराइड भरपूर असले की ते सुटत नाहीत. रक्तातही क्लोराइड भरपूर, म्हणून तिथं बऱ्यापैकी टिकतं, पेशीत शिरलं की क्लोराइड कमी, मग ते सुटतात, जागी पाणी येतं आणि प्लॅटिनम डीएनएला जाऊन चिकटतं. तेच अणू ट्रान्स पद्धतीनं मांडले तर कॅन्सरवर उपयोग जवळजवळ शून्य. हे मी पोरांना कधीच सांगितलं नाही याचं आता वाईट वाटतं.

सिसप्लॅटिनचा शोधही अपघातानंच लागला. बार्नेट रोझेनबर्ग नावाचे शास्त्रज्ञ अमेरिकेत बॅक्टेरियावर विजेचा परिणाम बघत होते, बॅक्टेरिया फुटून दोन व्हायचे थांबले आणि नुसते दोऱ्यासारखे लांबत गेले. करामत विजेची नव्हतीच, इलेक्ट्रोडमधून विरघळलेल्या प्लॅटिनमची होती. हे १९६५ चं, आणि १९७८ मध्ये औषधाला तिथं परवानगी मिळाली.

आमचे शेजारी म्हणाले प्लॅटिनम म्हणजे अंगठीतलं ना, धातू अंगात घालतात म्हणजे काय, त्यापेक्षा सुवर्णभस्म द्या. अहो तोही धातूच की! आणि रक्तात लोखंड आहे, बी-१२ मध्ये कोबाल्ट आहे, त्याचं काय. धातूभोवती कोण आणि कसं बसलंय यावर सगळं असतं.

आता खरी तक्रार. तिसऱ्या दिवशी अण्णांनी फ्रिजमधून ताकाचा स्टीलचा तांब्या काढला, बोटांना करंट बसल्यासारखं झालं, तरी एक घोट घेतला तर घसा आवळल्यासारखा झाला, तांब्या खाली, वहिनी ओरडायला लागल्या, अ‍ॅटॅक समजून रिक्षानं दवाखान्यात. तिथला डॉक्टर शांतपणे म्हणाला ऑक्झॅलिप्लॅटिनला असं होतं, काही दिवस थंड टाळायचं. सांगितलं होतं का आधी? हो, कागदावर. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. वहिनींना इंग्रजी येत नाही आणि घरात फ्रिज तर त्याच उघडतात.

तर विनंती एवढीच, पुढच्या पुरवणीत ह्या औषधांची मराठीतली चौकट द्या, थंड कुठल्याला चालत नाही, किडनी आणि कानाची काळजी कुठल्याला घ्यायची (सिसप्लॅटिनला घ्यावी लागते). आणि कॅन्सरच्या दवाखान्यांनी तो कागद मराठीत छापावा, मोठ्या अक्षरात. भाषांतर लागलं तर मी फुकट करून देतो.

अण्णांच्या केमोच्या अजून पाच सायकल, म्हणजे फेऱ्या, बाकी आहेत. फ्रिजच्या दाराला वहिनींनी लोकरीचे हातमोजे अडकवून ठेवलेत.

– एक निवृत्त मास्तर, सातारा