20 किलो धान्य आणि महिन्याची 17 तारीख

मा. अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

पुण्यातल्या वस्त्यांमध्ये रेशनचं काम करणारे आम्ही कार्यकर्ते. साधा हिशेब मांडतो.

प्राधान्य कार्डावर, म्हणजे अन्नसुरक्षा कायद्याखाली कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणाऱ्या रेशनकार्डावर, महिन्याला माणशी 5 किलो धान्य मिळतं. नवरा-बायको आणि दोन मुलं, म्हणजे 20 किलो. अंगमेहनतीचा माणूस दिवसाला 400 ग्रॅम धान्य सहज खातो. मुलांना निम्मं धरलं तरी महिन्याला 36 किलो लागतं. सतराव्या दिवशी डबा खडखडतो.

खोलीभाडं आणि बचत गटाच्या कर्जाचा हप्ता चुकवता येत नाही, म्हणून कात्री स्वयंपाकघराला लागते. आधी दूध बंद होतं, मग भाजी. रेशनवर डाळ नसल्यामुळे विकतची मूठभर तूरडाळ चौघांत पुरवतात. वरणात वाटीवाटीने पाणी वाढतं आणि शेवटी हळदीचा रंगच तेवढा उरतो. घरातली बाई सगळ्यांच्या मागून जेवते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, पाचच्या आतल्या 35 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी भरली. त्याची सुरुवात या वाटीत आहे.

हे झालं धान्य मिळणाऱ्यांचं. शहरात प्राधान्य यादीसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 59,000 रुपये, 2013 साली ठरलेली. महिन्याला पाच हजारही नाहीत. बिगारी नवऱ्याला नाक्यावर पंधरा दिवस काम लागलं आणि बायकोने दोन घरची धुणीभांडी धरली, की कुटुंब मर्यादेबाहेर! जो खरं उत्पन्न लिहितो, त्याच्या हाती धान्य नसलेलं केशरी कार्ड पडतं. मर्यादेत बसणाऱ्यालाही ‘इष्टांक शिल्लक नाही’ हे उत्तर मिळतं, कारण इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांची ठरवून दिलेली कमाल संख्या, अजून 2011 च्या जनगणनेवरच बेतलेला आहे.

शिवाय अंगठा. सिमेंट, चुना, भांड्यांची पावडर यांनी बोटांच्या रेषा झिजतात आणि रेशन दुकानातलं ओळख पटवणारं ई-पॉस मशीन ठसा घेत नाही. ओटीपी मागवावा तर आधारला जोडलेला नंबर रिचार्जअभावी कधीच बंद पडलेला. मुलांचं आधार पाचव्या आणि पंधराव्या वर्षी अद्ययावत झालं नाही, तर ई-केवायसी (आधारवरून ओळखीची पडताळणी) अडते आणि त्या मुलाचे 5 किलो थांबतात. ठसा जुळला नाही म्हणून खऱ्या लाभार्थ्याला परत पाठवू नये, नोंद करून धान्य द्यावं, अशा केंद्राच्या सूचना आहेत. दुकानात मात्र ‘उद्या या’ म्हणतात, आणि त्या उद्यासाठी बाईचा खाडा होतो.

तेव्हा उत्पन्नमर्यादा किमान वेतनाशी जोडा. माणशी महिना किमान 1 किलो तूरडाळ द्या. प्रत्येक दुकानात डोळ्यांचा स्कॅनर आणि ठसा न जुळलेल्यांची अपवाद नोंदवही ठेवा. परत पाठवलेल्या प्रत्येकाला त्याच दिवशी कारणासह लेखी पावती द्या. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 8 प्रमाणे धान्य न मिळाल्यास भत्ता देय आहे, पण पावतीशिवाय तो मागायचा कशाच्या आधारावर? पावतीचा आदेश याच महिन्यात काढावा, ही विनंती.

आपले,
रेशन कार्यकर्ते, पुणे