बेडकांच्या मागे गेलेल्या बिजू सरांना

आदरणीय डॉ. एस. डी. बिजू सर,

आपली कधी भेट झालेली नाही. हे पत्र बरेच दिवस मनात होतं. परवा आंबोलीला पहिला जोराचा पाऊस झाला आणि लिहायला बसले.

मी सावंतवाडीची. एम.एस्सी. वनस्पतिशास्त्रात केली, जीव मात्र बेडकांत. "झाडं शिकलीस ना, मग बेडकांचं काय?" हे घरी ऐकलं, बाहेरही ऐकलं, आणि एका मुलाखतीत तर उत्तर देताना रडू फुटलं. त्याच आठवड्यात वाचलं, की तुम्हीही मूळचे वनस्पतिशास्त्राचे. केरळात पालोडच्या वनस्पती उद्यानात काम करता करता बेडकांकडे वळलात, आणि एक पीएच.डी. झालेली असताना ब्रुसेल्सला जाऊन दुसरी केलीत. ते पान मी आईला वाचून दाखवलं. मग घरात तो प्रश्न पुन्हा कुणी विचारला नाही.

2003 साली फ्रँकी बॉस्यूट यांच्यासोबत तुम्ही तो जांभळा, डुकरासारख्या नाकाचा बेडूक जगापुढे आणलात. वर्षभर जमिनीखाली राहून पहिल्या पावसात काही दिवसच वर येणारा, आणि ज्याचे जवळचे भाऊबंद थेट सेशेल्स बेटांवर! नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस. नासिका आणि सह्याद्री. या नावात मला आमचंच घर ऐकू येतं. पण माझा सर्वांत लाडका बेडूक ईशान्य भारतातला. 1870 नंतर कुणालाच न दिसलेला तो बेडूक तुमच्या चमूला झाडाच्या ढोलीत सापडला. त्याची मादी ढोलीतल्या पाण्यात वाढणाऱ्या पिलांना आपली अंडी खाऊ घालते. झाडं शिकलेल्या मला ती ढोली किती जवळची वाटली म्हणून सांगू!

आणि आंबोली. 2009 मध्ये वरद गिरी आणि इतर सहकाऱ्यांसोबत तुम्ही इथल्या पिवळ्या पट्ट्यांच्या भेकाला झँथोफ्राइन टायग्रिना हे नाव दिलंत. आमच्या लेखी तोवर ते सगळे नुसते बेडूकच. आता आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या लाल यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे. कातळावरच्या उथळ डबक्यांत तो अंडी घालतो, आणि पावसाने मध्येच दडी मारली तर डबकं आटून सगळी वाया जातात. गाड्यांखाली मरतात ते वेगळेच.

गेल्या जूनपासून मी सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, अशाच डबक्यांच्या नोंदी ठेवते. बाबा सोबत येतात. घाटात गाडी अगदी हळू हाकतात, रस्त्यावर काही हललं की थांबतात आणि मी उतरून त्याला कडेला सोडते. परवा रात्री सड्यावर ते माझ्यावर छत्री धरून उभे होते, मी विजेरीच्या उजेडात वाकून अंडी मोजत होते. "बिजू सरांना कळव हो," म्हणाले.

म्हणून कळवते आहे. मनापासून आभार, सर.

आपली,
सावंतवाडीची एक विद्यार्थिनी