मुक्कामी गाडीची वेळ ओळखणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

आमच्या घरून निघताना मी पाकीट पुढे केले, तेव्हा तुम्ही तिकडे न पाहताच चपला घातल्यात, आणि मी आभाराचे काही बोलू लागले तर "सोडा आणि लिंबूसत्वाचे कसले आभार" म्हणत जिना उतरूनही गेलात. त्या दिवशी बोलायचे राहिले ते आता चारचौघांसमोर लिहिते आहे. तुमचे नाव लिहीत नाही, ते तुम्हाला रुचणार नाही. मात्र सांगलीत मासे पाळणाऱ्या कोणी एवढ्यावरूनच तुम्हाला ओळखले, तर माझा इलाज नाही.

आपली ओळख किराणा दुकानातली, तीही दुकानदाराच्या थट्टेमुळे झालेली. मी दोन किलो साखर आणि यीस्टची पुडी मागितली, त्यावर तो "ताई, घरी गाळायला लागलात की काय?" म्हणून हसला, आणि रांगेत माझ्या मागे उभे असलेल्या तुम्ही अगदी सहज विचारलेत, "घरात मासे आहेत का?" माझ्या टाकीतले मासे मरत होते; त्याआधीच्या तीन आठवड्यांत माझ्याशी या विषयावर बरेच लोक बोलले होते, पण ते सगळे सांगत होते, विचारणारे तुम्ही पहिले. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत प्रयोगशाळेत तुमची तीस वर्षे गेली, मळीवर यीस्ट सोडून स्पिरिट करण्याचेच ते काम होते, हे मला नंतर कळले. माझ्या दोन लिटरच्या बाटलीत जे चालले होते तेच तुम्ही आयुष्यभर इमारतीएवढ्या टाक्यांत पाहिले होते.

आमची टाकी दोन फुटांची, पंचावन्न लिटरची. माझ्या वडिलांना, अण्णांना, गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणेही गेले. म्हणजे समजते सगळे, पण हवा तो शब्द तोंडाशी येत नाही, भलताच येतो. सत्तावीस वर्षे एसटी चालवलेला माणूस दिवसभर भिंतीकडे पाहत बसू नये म्हणून ही टाकी आणली. तीत चौदा निऑन टेट्रा मासे, आणि झाडांत थोडे क्रिप्टोकोरीन व बरीचशी रोटाला होती. (रोटाला ही मुळात आपल्याकडे भाताच्या खाचरात उगवणारी वनस्पती आहे. अण्णा गगनबावड्याकडचे, मी तण विकत आणले हे पाहून ते आजारपणानंतर पहिल्यांदा मोठ्याने हसले होते.) झाडे पिवळी पडू लागली, पानांवर शेवाळ धरले, तेव्हा दुकानदाराने निदान केले की यांना कार्बन डायऑक्साइड कमी पडतो, आणि ते बरोबरच होते. साध्या टाकीच्या पाण्यात हा वायू लिटरला जेमतेम काही मिलिग्रॅम असतो, त्यात वर प्रखर दिवा लावला की झाडांची उपासमार होते. यीस्ट साखर खाते आणि हा वायू सोडते, म्हणून त्याने यीस्ट-साखरेची एक बाटली नळी आणि डिफ्यूझरसह (म्हणजे वायूचे बारीक बुडबुडे करणाऱ्या तोंडासह) जोडून दिली. थंडीत तिचे बुडबुडे मंद येत होते, म्हणून जानेवारीत त्यानेच दुसरीही जोडायला लावली. मार्चमध्ये ऊन तापले, तसे दोन्ही बाटल्यांतले यीस्ट चौपट जोमाने कामाला लागले आणि मासे मरू लागले.

इथे थोडे कडवट लिहावे लागणार आहे. त्याच दुकानदाराने मासे मेल्याचे ऐकल्यावर "पाण्यात अमोनिया वाढला असेल" असे सांगून एक निळे औषध विकले. दुसऱ्याने निळे औषध चुकीचे ठरवून पिवळे विकले. तिसरे गृहस्थ घरी येऊन पाहण्याचे पाचशे रुपये घेत. ते दुपारी बारा वाजता आले, पाण्यात पट्टी बुडवली, सगळे ठीक असल्याचे जाहीर केले, आणि खुर्चीत बसलेले अण्णा काहीतरी सांगू पाहत आहेत हे दिसल्यावर त्यांच्या देखतच मला म्हणाले, "यांना काही कळतं का हो?" मी "कळतं" एवढेच म्हणाले. त्या गृहस्थांना मी पाचशे रुपये दिले, याची चीड मला अजून आहे, आणि ती त्यांच्यापेक्षा माझ्यावर जास्त आहे.

या सगळ्यांचे निदान का चुकले, ते तुमच्यामुळे कळले: हा आजार दुकानाच्या वेळेत होतच नव्हता. कोणीही यायचे ते सकाळी अकरानंतर, आणि तोवर दिवा लागून दोन-तीन तास झालेले असत, झाडांनी वायू शोषून घेतलेला असे, आणि उरलेले मासे आपले निवांत फिरत असत.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसले, ती.

तुम्ही संध्याकाळी आलात, हातात कापडी पिशवी होती. टाकीकडे एकदा पाहिलेत, बाटल्यांकडे एकदा, आणि मी पाण्याच्या पट्ट्यांचे कागद शोधू लागले तेवढ्यात तुम्ही कोपऱ्यातले बुटके स्टूल ओढून अण्णांच्या डाव्या हाताला जाऊन बसलात. डाव्याच, कारण उजवी बाजू गेलेली आहे हे तुम्ही दारातूनच पाहिले असावे. आणि कोणत्याही शेजाऱ्याला विचारावे तसे विचारलेत, "अण्णा, मासे वर येऊन धापा कधी टाकतात?" मी सवयीने उत्तर द्यायला तोंड उघडले. तुम्ही माझ्याकडे न वळता फक्त तळहात उंचावलात. मग तुम्ही थांबलात. किती वेळ ते मी घड्याळात पाहिले नाही, पण स्वयंपाकघरात कुकरची एक शिट्टी झाली आणि दुसरी होईपर्यंत तुम्ही अण्णांच्या चेहऱ्यावरून नजर काढली नाहीत, शब्द सुचवला नाहीत, मान हलवून घाई केली नाहीत. अण्णांच्या कपाळावर घाम आला. शेवटी ते म्हणाले, "मु... मुक्काम."

काका, हा शब्द मी तीन आठवडे ऐकत होते. अण्णा टाकीकडे बोट दाखवून "मुक्काम, मुक्काम" म्हणत, आणि त्यांना गावी जाऊन राहायचे आहे असे समजून मी दर वेळी "उन्हाळा सरला की जाऊ हं" असे त्यांना सांगत असे. तुम्ही मात्र क्षणभर विचार केलात आणि म्हणालात, "मुक्कामी गाडी सुटायची वेळ? म्हणजे पहाटे साडेपाच?" अण्णांनी डाव्या हाताची पाचही बोटे पसरून दाखवली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. सकाळच्या पाळीची ड्यूटी गाठण्यासाठी तुम्ही अनेक वर्षे त्याच मुक्कामी गाडीने कारखान्यावर जात होतात. रात्री गावात थांबलेली एसटी उजाडायच्या आत सुटते, हे तुम्हाला वेगळे सांगावे लागले नाही. माझे वडील रात्रभर जागे असतात आणि पहाटे काय घडते याचे घरातले एकमेव साक्षीदार तेच आहेत, हे मात्र मला, त्यांच्या मुलीला, सुचले नव्हते.

पुढचे सगळे त्या एका शब्दातून उलगडले. दिवा विझला की झाडे वायू घेणे थांबवतात, उलट श्वसनातून तो सोडतात. यीस्टला मात्र रात्र-दिवस कळत नाही, ते वायू देतच राहते. पहाटेपर्यंत पाण्यात तो इतका साचतो की माशांना रक्तातला कार्बन डायऑक्साइड कल्ल्यांवाटे बाहेर टाकता येत नाही, आणि मग पाण्यात प्राणवायू असूनही ते गुदमरतात. मी विचारले, मग रात्री नळी बंद केली तर? तुम्ही म्हणालात, "यीस्ट जिवंत आहे, त्याला सुट्टी देता येत नाही. नळी बंद केलीत तर बाटली फुटेल." साखरेच्या वजनाच्या जवळपास निम्मा वायू होतो, असा हिशेब तुम्ही तिथल्या तिथे वर्तमानपत्राच्या कडेला मांडून दाखवलात, तेव्हा मी आठवड्याला टाकीत काय ओतत होते ते पाहून मला घाबरायला झाले. दोन्ही बाटल्या तुम्ही त्याच संध्याकाळी काढल्यात आणि रात्रभर हवेचा पंप चालू ठेवायला सांगितलात. दुसऱ्या दिवशी पहाटे मी स्वतः उठून पाहिले. उरलेले पाचही टेट्रा तळाशी, झाडांच्या सावलीत होते.

नवी जोडणी लिंबूसत्व आणि खाण्याच्या सोड्याची: एका बाटलीत आम्ल, दुसरीत सोडा, आणि दोन्ही भेटले की तोच वायू सुटतो. ती कशी केलीत ते इथे लिहीत बसत नाही. ज्यांना हवे त्यांनी एवढेच लक्षात ठेवावे की बाटल्या थंड पेयांच्याच घ्याव्यात, कारण त्या मुळात दाब सोसायला बनवलेल्या असतात, पाण्याच्या पातळ बाटल्या नव्हेत. आणि दोनशे ग्रॅम लिंबूसत्वाला सोडा दोनशे नव्हे, दोनशे साठच्या आसपास लागतो, नाहीतर आम्ल तसेच उरते. या जोडणीची झडप रात्री बंद करता येते. दोन्ही बाटल्यांतला दाब सारखा झाला की आम्ल सोड्याकडे जायचे थांबते आणि सगळे निमूट बसते. टाकीचे पाणी नळीतून उलटे बाटलीत येऊ नये म्हणून लावायची छोटी एकमार्गी झडप तुम्ही माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "फुंका." एका बाजूने हवा गेली, दुसऱ्या बाजूने गेली नाही. "आता कोणी उलटी लावून दिली तरी तुम्हाला कळेल," एवढे बोलून तुम्ही पुढच्या कामाला लागलात. पहिल्या दुकानदाराने ही झडप दिलीच नव्हती. विचारल्यावर "तिचा काही उपयोग नसतो" असे उत्तर मिळाले होते.

लोक मला म्हणतात की तुम्हाला रसायनशास्त्र येत होते म्हणून जमले. मला ते पटत नाही. रसायनशास्त्र पाचशे रुपयेवाल्या गृहस्थांनाही थोडेफार येत असणार, पट्टीवरचे रंग तर त्यांनी बरोबर वाचले होते. जे आजारी आहेत, म्हातारे आहेत, ज्यांचे बोलणे अडते, त्यांच्याविषयी त्यांच्या डोक्यावरून तिसऱ्याशी बोलण्याची आपल्याकडे इतकी रीत पडली आहे की त्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटत नाही. मलाही वाटत नव्हते. दवाखान्यात, बँकेत, लग्नात मी वर्षभर अण्णांच्या वतीने बोलते आहे, आणि त्याला मी सेवा समजत होते. तुम्ही मला काही सुनावले नाहीत, फक्त तळहात वर केलात.

जाताना तुम्ही अण्णांना काम लावून गेलात, हे त्यांना तुमचे फार आवडले. काचेच्या आतून चिकटवलेली ती लहानशी कुपी, ड्रॉप चेकर, तिच्यातल्या द्रावणाचा रंग निळा म्हणजे वायू कमी, हिरवा म्हणजे लिटरला सुमारे तीस मिलिग्रॅम, बेताचा, आणि पिवळा म्हणजे धोका. हा रंग तासा-दोन तासांनी मागाहून बदलतो, म्हणून सतत नजर हवी, आणि ती ठेवायला या घरात अण्णांइतका मोकळा आणि जागा माणूस दुसरा नाही, असे तुम्ही त्यांनाच सांगितलेत. त्यांच्या डाव्या हाताशी स्टीलचा पेला आणि चमचा ठेवलात. पिवळे दिसले की वाजवायचे.

पहिल्या आठवड्यात पेला दोनदा वाजला आणि दोन्ही वेळा रंग खरोखरच पिवळसर होता; मी झडप अर्धा आटा फिरवली. त्यानंतर पंधरा दिवस तो वाजला नाही. परवा दुपारी चारच्या सुमारास पुन्हा वाजू लागला, तोही न थांबता, आणि मी हातातली कणीक तशीच घेऊन धावत बाहेर आले. रंग हिरवागार होता. मासे खाली होते. मी अण्णांना विचारले, "काय झालं?" आणि मग, तुमची आठवण होऊन, स्टुलावर बसले आणि गप्प राहिले. अण्णांनी चमचा खाली ठेवला आणि रोटालाकडे बोट केले. तिच्या पानापानाच्या कडेला प्राणवायूचे टाचणीच्या टोकाएवढे मोती धरले होते, आणि एकेक सुटून सरळ वर जात होता. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "खा... खाचर."

कळावे, लोभ असावा.

तुमची,
अण्णांची मुलगी

ता. क. तुमचे स्टूल तसेच अण्णांच्या डाव्या हाताला ठेवले आहे.