इग्नायटर बदलण्याआधी वाटीत डोकावा

महोदय,

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात पेलेटच्या (म्हणजे भुसा दाबून केलेल्या जळणाच्या गोळ्यांच्या) शेगडीविषयी एका वाचकाने त्रागा केला आहे. इग्नायटर दोनदा बदलून घेतला, तरी शेगडी पेटते आणि थोड्या वेळात विझते, म्हणून हा प्रकारच बोगस, असं त्यांचं म्हणणं. माझं पोट याच शेगड्यांच्या दुरुस्तीवर आहे, त्यामुळे गप्प बसवलं नाही. त्यांचा राग रास्त आहे. फक्त तो शेगडीवर न काढता, ज्याने दुसऱ्यांदा इग्नायटर बसवला त्याच्यावर काढायला हवा.

इग्नायटर म्हणजे तापणारी कांडी. जळणाच्या वाटीत पडलेले पहिले पेलेट तिने पेटवले की तिचं काम संपतं आणि पुढच्या वेळेपर्यंत ती थंड पडून असते. ज्वाळा दिसली याचाच अर्थ कांडी ठणठणीत आहे. मग ती बदलून विझणं थांबेल कसं? पण कांडी बदलणं सोपं असतं, बिल करता येतं, आणि राख अंगावर उडत नाही.

माझ्याकडे फोन आला की मी आधी विचारतो, विझल्यावर जळणाच्या वाटीत काय उरलं होतं? अर्धवट जळलेल्या काळ्या पेलेटचा ढीग असेल तर जळण येत होतं, हवा कमी पडली. वाटी जवळपास रिकामी असेल तर हॉपरमधून, म्हणजे पेलेट भरायच्या टाकीतून, पेलेट ढकलणारा स्क्रू तरी थांबला, नाहीतर त्याच्या तोंडाशी पेलेटच पोचले नाहीत. या एका उत्तराने निम्मी दुरुस्ती फोनवरच होते.

ढीग उरणाऱ्या शेगड्या जास्त. त्या विझण्याआधी तासभर तरी सांगत असतात: ज्वाळा आखूड आणि पिवळीधमक असायची ती लांब, सुस्त, नारिंगी होते, शेंड्याला काजळी धरते, काच काळवंडते. वाटीच्या तळाची भोकं बुजलेली असतात. नुसती राख असेल तर ती ब्रशने निघते, पण राख वितळून तिचे खंगर झाले असतील तर छिन्नीच लागते. चांगल्या लाकडी पेलेटमध्ये राख फार कमी असते. युरोपातल्या ‘ईएनप्लस ए1’ दर्जाला 0.7 टक्क्यांची मर्यादा आहे. भाताच्या तुसात हेच प्रमाण 15 ते 20 टक्क्यांपर्यंत जातं. काडाकचऱ्याच्या पेलेटची आणखी एक खोड म्हणजे त्यांतल्या पोटॅशियममुळे राख कमी तापमानाला वितळते. लाकडी पेलेटसाठी बनवलेल्या शेगडीत ते घातले तर ती विझणारच, त्यात शेगडीचा काय दोष?

“आम्ही तर रोज साफ करतो,” हे वाक्य मला पाठ झालंय. रोज साफ होतं ते दिसणारं. मागच्या पत्र्याआड, धूर ओढणाऱ्या पंख्याच्या पात्यांवर आणि धुराच्या नळीच्या पहिल्या वळणात जी मऊ राख बसते, तिच्याकडे अख्खा हंगाम कोणी बघत नाही. दाराची दोरी, म्हणजे गॅस्केट, दबून गेली असेल तर पंख्याने ओढलेली हवा वाटीतून न येता दाराच्या फटीतून येते. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा. ती सहज निसटली तर तिथे गॅस्केट गेलं.

आता रिकाम्या वाटीकडे. आधी हॉपर. वर पेलेट दिसतात, पण खाली त्यांची कमान धरून मधे पोकळी झालेली असते. ओलावा लागून फुगलेले पेलेट आणि तळाशी साचलेला भुगा स्क्रूचं तोंड बुजवतात. हॉपर पूर्ण रिकामा करून भुगा काढला की काम होतं.

पण पेलेट नीट उतरत असूनही, ज्वाळा चांगली असताना, पेटल्यावर दहा-वीस मिनिटांत स्क्रू थांबत असेल, तर तो कंट्रोल बोर्डाने, म्हणजे शेगडी चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पट्टीने, थांबवला आहे. बोर्डाला आग दिसत नाही. धुराच्या वाटेवरचा सेन्सर तापला, बऱ्याच मॉडेलमध्ये 50 अंश सेल्सिअसच्या आगेमागे, की आग लागली असं तो धरतो. सेन्सरवर राखेचा थर बसला किंवा त्याला धरून ठेवणारा बारका स्क्रू ढिला झाला, तर ठरलेल्या वेळेत खबर पोचत नाही आणि बोर्ड भरली आग उपाशी मारतो. यात बदलायचं बहुधा काहीच नसतं, पुसायचं आणि आवळायचं असतं.

दुसरी शक्यता प्रेशर स्विचची. आत हवेची पुरेशी ओढ आहे की नाही ते हा बघतो, आणि नसेल तर जळण थांबवतो. त्याला रिफिलीएवढी बारीक रबरी नळी असते. ती स्विचकडून काढा (नळी जोडलेली ठेवून तिच्यात फुंकर मारू नका, स्विचमधला पातळ पडदा फाटतो) आणि शेगडीच्या बाजूच्या तोटीत बारीक तार फिरवा. काजळीची गुठळी बाहेर पडली तर दुखणं सापडलं. नळीला चीर असेल तर तेवढा तुकडा कापून पुन्हा बसवा. हे सगळं अर्थातच शेगडी पूर्ण थंड करून आणि प्लग काढून. राखेत निखारे कित्येक तास जिवंत राहतात, म्हणून राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढावी, घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नये.

या स्विचमुळेच हे पत्र लिहायला घेतलं. काही कारागीर त्याच्या दोन वायरी एकत्र जोडून “डायरेक्ट करून दिलं” म्हणतात. शेगडी मग विझत नाही, गिऱ्हाईक खूश. पण धुराची वाट तुंबलेलीच राहते, जळण पडतच राहतं, आणि धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड खोलीत येतो, ज्याला रंगही नाही आणि वासही नाही. पत्रलेखक महाशयांकडे एवढे कारागीर येऊन गेलेत, तर त्यांनी मागचा पत्रा काढून त्या दोन वायरी आधी बघाव्यात. जोडलेल्या असतील तर शेगडी आजच बंद ठेवावी. ती का विझत होती ते नंतर बघता येईल.

आपला,
शेगड्या दुरुस्त करणारा एक वाचक